माझे पाय सरकारदरबारी

आमच्या भाचीने चौतीस वर्षांच्या आयुष्यात एकाही माणसाच्या तोंडाकडे आधी पाहिलेलं नाही. ती आधी पाय बघते. दारात तलाठी उभा असो, पाहुणा असो की मतं मागायला आलेला उमेदवार असो, हिची नजर सरळ खाली जाते, टाचेवरून अंगठ्यावर, अंगठ्यावरून बोटांच्या बेचक्यांत, आणि तिथलं सगळं बघून झालं की सवडीने वर येते, तीही फार तर गुडघ्यापर्यंत. गावातल्या अर्ध्या लोकांची नावं तिला ठाऊक नाहीत. "तो रे मामा, डाव्या करंगळेक नख नाय तो," असं सांगून ती मोकळी होते, आणि उभा जन्म तालुक्याच्या कचेरीत कारकुनी केलेला मी, तो कोण हे शोधत लोकांच्या करंगळ्या न्याहाळत फिरतो.

कुणकेश्वरच्या जत्रेला सगळं जग देवाच्या रांगेत उभं राहतं. ही एका वर्षी चपलांच्या ढिगाशेजारी वही घेऊन बसली. लोकांना वाटलं, चपला सांभाळणारी बाई दिसते. त्यांनी चपला हिच्या स्वाधीन केल्या आणि हिने एकालाही नाही म्हटलं नाही. चपला घ्यायच्या, पाय बघायचे, वहीत लिहायचं. मी दर्शन घेऊन आलो तर मला म्हणते, "मामा, जरा हंय बस. मी पाणी पिऊन येतंय." बसलो! पाऊण तास बसलो! ओळखीचे तिघे भेटले आणि तिघांनीही, निवृत्तीनंतर माणसाने असं गुंतवून घ्यावं, म्हणून माझं कौतुक केलं. आता या बाईसाहेब सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच. डी. आहेत, हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?

तिला बघायला आलेल्या मुलाची गोष्ट तर आमची ताई, म्हणजे माझी बहीण आणि हिची आई, अजून कपाळावर हात मारूनच सांगते. मुलगा चांगला, इंजिनिअर, इस्त्रीचे कपडे. पोहे झाले, चहा झाला, दोघांना बोलायला म्हणून खळ्यात, पुढच्या अंगणात पाठवलं. पाचव्या मिनिटाला आतून पाहतो तर मुलगा बाकड्यावर पाय वर घेऊन बसलेला, मोजे बाजूला, आणि ही बॅटरी मारून त्याच्या बोटांच्या मधे बघतेय. "ही खाज किती दिवस आहे?" हिने विचारलं. बिचारा म्हणाला, "कॉलेजपासून." लग्न काही जमलं नाही. पण दोन महिन्यांनी त्याचा फोन आला की मलमाने खाज पार गेली, आणि पुढे त्याच्या लग्नाचं पहिलं आमंत्रण आमच्याच घरी आलं. ताईने ते तीन दिवस उघडलं नाही.

पण मी तिला हसतो तसं दुसऱ्या कुणी हसलेलं मला खपत नाही. ती बारावीत असताना तिचे वडील, माझे भावोजी, लावणीच्या दिवसांत तापाने पडले. साधा ताप म्हणून दोन दिवस काढले, चौथ्या दिवशी माणूस गेला. लेप्टो, असं डॉक्टर म्हणाले. शेतातल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, ते पायाच्या चिरेतून आत शिरतं. भावोजींच्या टाचेला एवढीशी, भाताच्या दाण्याएवढी चीर होती. लावणीला म्हणून त्या घरात आम्ही सात माणसं जमलो होतो आणि ती एकालाही दिसली नव्हती. तेव्हापासून पोरीची नजर जी खाली गेली ती खालीच राहिली.

गमबूट घाला, असं सरकार सांगतं. सांगणाऱ्याने एकदा आमच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या वाफ्यात, उतरून दाखवावं! पाय वर येतो आणि बूट खाली राहतो. माझा एक बूट आमच्या तळातल्या कुणग्यात आजही कुठेतरी आहे. तर हिने पीएच. डी. करून यावं आणि परसात चिखलाचा खड्डा करून मोजे शिवत बसावं. रेनकोटचं कापड झालं, सायकलची ट्यूब झाली, माझी नवी छत्री झाली. शेवटी आत जाड कापड, बाहेर पातळ रबर, तळाला खरबरीत पट्टी आणि गुडघ्याखाली नाडी, असे मोजे तयार झाले. चिखलातून पायाबरोबर बाहेर येणारे! स्वतःच्या साठवणीतून तिने अर्ध्या गावापुरते मोजे शिवून घेतले. अर्ध्याच, कारण तिला तेच हवं होतं. अर्ध्या घरांनी घालायचे, अर्ध्यांनी नाही, आणि लावणीभर सगळ्यांच्या पायांच्या जखमा मोजायच्या. ताप येऊ नये म्हणूनच्या सरकारी गोळ्या मात्र सगळ्यांनाच.

कुणाला द्यायचे, हे आपण ठरवायचं नाही, असा तिच्या शास्त्राचा नियम. म्हणून तिने कम्प्युटरवर यादी काढली. गाव म्हणालं, "कम्प्युटर कोणाचो? तुझोच मां?" तिने डब्यात चिठ्ठ्या घातल्या. गाव म्हणालं, "डबो कोणाचो?" आठ दिवस नुसता गोंधळ. मोजे घरात पडून आणि भाताच्या रोपांचा तरवा लावणीला आलेला. तेव्हा ही उठली आणि रवळनाथाच्या देवळात गेली. आमच्याकडे घर बांधायचं असो की भावाभावांत वाद असो, देवाला कौल लावतात. गुरव पाषाणाला ओली पाकळी चिकटवतो, ती उजवीकडे पडली तर होय, डावीकडे पडली तर नाही. त्यापुढे कुणी तोंड उघडत नाही.

पण आमची भाची ती! कौल लावण्याआधी दोन दिवस देवळात बसून गुरवाकडून नुसत्याच पाकळ्या लावून घेतल्या आणि किती उजव्या, किती डाव्या ते लिहीत राहिली. गुरव वैतागला. "बाये, देवाची परीक्षा घेतंस?"

"देवाची नाय काका. पाकळेची."

दोन्हीकडे सारख्याच पडतात, अशी खात्री झाल्यावर तिने पुढची अट घातली. पाकळी कोणत्या घरासाठी लावतोय हे गुरवाला सांगायचं नाही, नाव पाकळी पडल्यानंतरच फोडायचं. गुरव म्हणाला, हे कधी ऐकलेलं नाही, घर कुठलं ते कळल्याशिवाय कौल कसा लागेल?

ही म्हणाली, "देवाक ठावक आसा मां? मगे तुका कित्याक व्हया?"

गुरवाने पाषाण पुन्हा पाण्याने धुतला. मग त्याने पाकळी उचलली. गाव देवळात जमलं, सगळे कौल शांतपणे झाले, आणि शेवटी हिने देवासमोर हात जोडून शब्द दिला की ज्यांचा कौल डावा पडला त्यांना पुढच्या लावणीला मोजे देईन. "व्हय म्हाराजा!" असं अख्खं गाव ओरडलं. पैसे कुठून आणणार, हे देवानेही विचारलं नाही.

माझा कौल डावा पडला.

मला वाटलं होतं, मामा आहे, मागल्या दाराने एक जोड मिळेल. छे! लावणी सुरू झाली, शेजाऱ्यांच्या पायांत मोजे आणि मी आपला अनवाणी. पहिल्याच आठवड्यात अंगठा कापला. ही रोज संध्याकाळी यायची, माझे पाय धुवायची, औषध लावायची, फोटो काढायची आणि वहीत लिहायची. एकदा मी चिडून म्हणालो, "तुझो बापूस असतो तर त्याकापण मोजे देवक नसतंस?" बोललो आणि जीभ चावली. तिने पट्टी नीट बांधली, गाठ मारली आणि म्हणाली, "एकाक दिलंय तर सगळा फुकट जाताला रे मामा." मग तीच गाठ तिने सोडून पुन्हा मारली. मी पुन्हा कधी मोजे मागितले नाहीत.

लावणी संपली. मोजेवाल्यांच्या पायांना जखमा फारच कमी, असं वहीत दिसलं. आता दिलेला शब्द पाळायचा तर पैसा हवा. सरकारची एक योजना होती, नव्याने संशोधनाला लागलेल्या तरुणांसाठी आणि गावोगावी आरोग्याचं काही नवं करू बघणाऱ्यांसाठी. वयाची अट पस्तीस, म्हणजे हिची ही शेवटचीच संधी. नाही मिळालं तर गोव्याच्या औषध कंपनीत नोकरी तयार होती आणि ताईने बॅगही काढून ठेवली होती. घरात रेंज नाही, म्हणून आम्ही गावावरच्या सड्यावर, उघड्या कातळावर जाऊन अर्ज भरला. ती दगडावर लॅपटॉप घेऊन, मी तिच्या डोक्यावर छत्री धरून. 'निवडीची पद्धत' या रकान्यात तिने लिहिलं, 'ग्रामदेवतेचा कौल'. माझ्या हातातली छत्री पडली.

"खोड ता! अगो, मी जन्मभर सरकारी कागद बघितलंय. अर्जात देव इलो की फाईल गेली!"

"झाला ताच लिवतलंय," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

मुलाखत तालुक्याच्या कॉलेजात, पडद्यावर झाली. तिकडे पाच तज्ज्ञ, इकडे ही, आणि दाराच्या फटीत मी. कौलाचा रकाना आला आणि एक गृहस्थ मोठ्याने हसले. झालं, मी मनात म्हटलं, बॅग भरा. पण मधे बसलेल्या, पांढऱ्या केसांच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "पाकळी लावणाऱ्याला घर कोणतं ते माहीत होतं?" हिने सगळं सांगितलं, दोन दिवसांच्या पाकळ्यांसकट. हसणारे गृहस्थ लिहायला लागले. मग बाई म्हणाल्या, "आणि जवळच्या कुणाला हळूच दिले नाहीत कशावरून?"

हिने एक फोटो पडद्यावर आणला. भेगाळलेल्या टाचा, चिरलेला अंगठा, मळकी पट्टी. "हे माझ्या मामाचे पाय," ती म्हणाली. "डावा कौल."

बाईंनी पुढे वाकून तो अंगठा नीट बघितला. मग म्हणाल्या, "तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा." मी दाराआड हात जोडून उभा होतो, ते त्यांना दिसलं नाही.

पैसे मंजूर झाले. गोव्याची बॅग ताईने माळ्यावर टाकली आणि गावातल्या बायका मोजे शिवायला बसल्या. यंदा लावणीच्या आदल्या दिवशी भाची पहिला जोड घेऊन माझ्याकडे आली. मी ओट्यावर बसलो होतो. ती खाली बसली, माझे पाय मांडीवर घेतले, अंगठ्यावरच्या जुन्या व्रणावरून एकदा बोट फिरवलं आणि मोजे चढवून नाड्या बांधल्या. आता ती बांद्याकडच्या गावांत काम सुरू करणार, महिनोन्महिने तिकडेच राहणार, रोज संध्याकाळी माझे पाय बघायला कुणी येणार नाही, हे सगळं मला नेमकं तेव्हाच आठवलं. भावोजी आठवले. डोळे भरून आले आणि पुसायलाही सुचलं नाही.

एक थेंब तिच्या हातावर पडला, म्हणून तिने मान वर केली. गुडघ्याच्या वर, छातीच्या वर, थेट माझ्या तोंडापर्यंत. आणि बघतच राहिली.

"मामा," ती म्हणाली, "तुझ्या डोळ्याखाली तीळ आसा? ह्यो कधी झालो?"

"जन्मापासून आसा गो बाये."

"माका कसो दिसाक नाय?" ती म्हणाली, आणि हाताने माझा गाल पुसून तो तीळ पुन्हा नीट बघू लागली.