आपांनी न मागितलेल्या सह्या

“सही मागितली की माणूस दारातनंच माघारी जातो गं.”

वीस वर्षांपूर्वी रझियाआपा मला म्हणाल्या होत्या.
आज पहाटे आपा गेल्या.

आमच्या वाचनालयात त्या ग्रंथपाल होत्या. सोलापूरच्या जुन्या कागदांचं कपाट त्यांच्या टेबलामागं होतं. त्यातलं काही घरी न्यायचं नाही. रजिस्टरमध्ये सही करून तिथंच बघायचं.

आपा रजिस्टर पुढं करायच्याच नाहीत.

शुक्रवारी नमाज झाली की एक रिक्षावाले काका यायचे. तालमीच्या जुन्या फोटोत त्यांचे आजोबा होते. उभ्या उभ्या बघायचे, जायचे.

जातीच्या दाखल्यासाठी पुरावा शोधत एक मावशी आठवडाभर आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. आपांनी पानन्‌पान वाचून दाखवलं.

आणि मी.

माझी तेलुगू बोलणारी पणजी मिलमध्ये कामाला होती. अंगठेबहाद्दर, असंच घरात सगळे म्हणायचे.

आपांनी एक वही काढली. एकोणीसशे तीसच्या आसपासची, मिलमधल्या बायकांच्या साक्षरता वर्गाची हजेरी.

“हे बघ. पहिल्या पानावर अंगठा. आता शेवटचं पान काढ की.”

शेवटच्या पानावर पणजीचं नाव होतं. वाकडंतिकडं, तेलुगू वळणाचं मराठी.
मी तिथंच रडले. आपांनी पंखा वाढवला आणि दुसरीकडं बघत बसल्या.

गेल्या महिन्यात कमिटीनं रजिस्टर तपासलं. त्या कपाटाची एकही सही नाही, म्हणजे वाचक नाही. कागद पोत्यात भरून गोडाऊनला पाठवायचं ठरलं.

दवाखान्यात मी आपांवर चिडले. म्हटलं, तुमच्यामुळं झालं हे.

त्या हसल्या. “चूक झाली खरी. पण लोकं आली की नाही?”

आली, आपा.
आज दुपारी त्या रिक्षावाल्या काकांच्या मुलीचा मला फोन आला, नंबर आपांनीच दिलेला. काका आता नाहीत. तिला पणजोबांचा फोटो लेकाला दाखवायचाय. कपाट कधी उघडं असतं, विचारत होती.

आपा, सलाम. शांत झोपा.

कमिटीचे अध्यक्ष माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, म्हणून इथंच लिहिते.
सर, कपाट अजून वर्षभर तिथंच राहू द्या. दर रविवारी मी येऊन बसेन.
मागच्या वेळी हेच विचारलं, तर तुम्ही नाही म्हणालात. आताही म्हणाल, माहीत आहे.

तरी विचारते. किल्ली माझ्याकडे द्याल?