जत्रेतल्या खेळांचे इन्स्पेक्टर

पोहरादेवीच्या जत्रेतला प्रत्येक खेळ माझे मामा बरोबर तीनदा खेळायचे. दोनदा नाही, चारदा नाही. कड्या फेकायच्या असोत, चेंडूनं डबे पाडायचे असोत नाहीतर हवाबंदुकीनं फुगे फोडायचे असोत, तीन डाव झाले की हात झटकून पुढच्या दुकानाकडे. मी एकदा विचारलं, तीनदाच काहून? म्हणाले, "पयला डाव खेळ पाह्यासाठी, दुसरा सोताले पाह्यासाठी, अन् तिसरा मालकाचं तोंड पाह्यासाठी." आपण जिंकत आलो की ज्या मालकाचं तोंड पडतं, त्याच्या खेळात खोट असते, असं त्यांचं म्हणणं होतं.

मामा रस्त्याच्या गँगवर कामाला होते. शिक्षण चौथी. पण शाळेत तपासणीला साहेब यायचा ना, तशी ह्या माणसाची जत्रेत तपासणी चालायची, म्हणून अख्खं गाव त्यांना इन्स्पेक्टर म्हणायचं. मी शाळेसाठी त्यांच्याकडे राहायचे, तर माझं नाव 'इन्स्पेक्टरची भाची' पडलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, ते मला फार आवडायचं. आमच्या बौद्धवाड्यातलं कोणी टोकायचं, की आपण देव सोडले अन् तुमी जत्रेले चालले! मामा शांतपणे म्हणायचे, "देव सोडले, बाप्पा. खेळ कुठी सोडले?"

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गावच्या बैलबंड्या सोडलेल्या असायच्या, त्या निंबाखाली सभा भरायची. भाकरी-ठेचा खाऊन झाला की पोती अंथरून सगळे खेळगडी बसायचे, आणि औंदाचा सगळ्यात चांगला खेळ कोणता अन् सगळ्यात खराब कोणता, ह्यावर जे काही भांडण जुंपायचं! बायामाणसं बंडीआडून ऐकायची, शेजारच्या गावचे लोकही येऊन उभे राहायचे. कारण मामांनी शेवटी 'पास' म्हटलं की संध्याकाळी त्या दुकानावर झुंबड, आणि 'नापास' म्हटलं की तिथं कुत्रं फिरकत नसे.

भांडणात मामांच्या समोर कायम किसन टेलर. स्वभावानं तापट, आणि बेलबॉटम शिवणारा पंचक्रोशीतला एकटाच, त्यामुळे पोरांमध्ये त्याचं वजन. किसन जिथं जिंकला तो खेळ चांगला, हरला तो खराब. मामा त्याला सोडायचे नाहीत. "जिकला म्हून चांगला? मंग हरलेल्यानं काय करावं, घरी जावं? अरे, हरल्यावर अजून एक डाव खेळाव वाटला पायजे, तो खेळ चांगला." नुसतं 'मले नाई आवडला' म्हणणाऱ्याला तर ते उठवूनच लावायचे. "कारण आण, मंग बस," म्हणायचे.

मी नववीत होते त्या वर्षी जत्रेत एक नवं हवाबंदुकीचं दुकान आलं. कारंज्याकडचं जोडपं होतं. नवरा बंदुकीत छर्रा भरून द्यायचा, बायको फुगे फुगवून फळीवर लावायची. मामांनी तीन छर्रे मारले. तिन्ही वाया. एकही फुग्याच्या जवळून गेला नाही. मामांनी बंदूक उलटीसुलटी करून पाहिली, नळीवरून बोट फिरवलं, मालकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बंदूक परत दिली. मालक बिचारा हसत होता, पण त्या दिवशी मामांना ते हसणं चावलं असावं.

दुपारी निंबाखाली निकाल लागला. "औंदाचा सगळ्यात खराब खेळ, हवाबंदूक. नयी वाकडी हाये. हा खेळ नाई, फसवणूक हाये."

किसन ताडकन उठला. "काय सांगून राह्यले, इन्स्पेक्टर! म्या दोन फुगे फोडले की!"

"तू फोडले म्हून तुले चांगला वाटते. बस खाली."

सगळे हसले, मीही हसले. किसन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दुकानावरून गेले. बाजूला डबे पाडायच्या दुकानापुढे रेटारेटी, आणि इथं एक माणूस नाही. कालचे फुगे फळीवर तसेच, सुरकुतलेले. बाई मांडीवर हात ठेवून बसली होती. मला ओळखलं तिनं. "तुमच्या इन्स्पेक्टरनं आमची जत्रा मारली, बाई," म्हणाली. "नयी वाकडी असन तर तूच मारून पाय."

मी बंदूक घेतली. तीन छर्रे मारले. तिन्ही फुगे फुटले! मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण झाला नाही. नेमबाजी मला तोवर कधी जमली नव्हती. म्हणजे बंदूक सरळ होती, आणि चुकले होते ते माझे मामा.

आता हे त्यांना सांगायचं कसं? गँगवर त्यांना मुकादम अरे-तुरे करायचा. वर्षातून ही एक दुपार अशी यायची, की चार गावची माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. ती मी माझ्या हातानं काढून घेऊ? आणि नाही सांगावं तर हे जोडपं रिकाम्या हातानं परत जाणार. माय वो, त्या दुकानापासून आमच्या बंडीपर्यंतची वाट मला कोसभर वाटली.

मामा बैलांना पाणी दाखवत होते. मी एका दमात सांगून टाकलं. "मामा, म्या तिन्ही फोडले. नयी सरळ हाये."

ते रागावले नाहीत. फक्त विचारलं, "नेम कोणत्या डोयानं धरला?"

"उजव्या."

"म्या बी उजव्यानंच धरला होता." मग बादली खाली ठेवून त्यांनी डावा डोळा तळहातानं झाकला आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. "पोरी," म्हणाले, "तुयं तोंड दिसून नाई राह्यलं मले."

मला रडू फुटलं. मामांनी माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला, आणि तसेच तरातरा निंबाकडे गेले. बंडीवर चढले. एरवी ते बसून बोलायचे, त्यामुळे सगळे गोळा झाले.

"काल म्या जो खेळ नापास केला, तो पास हाये," मामा खणखणीत आवाजात म्हणाले. "बंदूक सरळ हाये. नापास माया डोया हाये. त्या माणसाचं म्या नुसकान केलं."

लोकांना ती थट्टाच वाटली.  किसन मात्र ओरडला, "मी काल काय सांगत होतो!"

"तू बरोबर होता, किसन," मामा म्हणाले. "पण तुयं कारण चुकीचं होतं."

हशा पिकला, त्यात मामाही हसले. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. त्या जोडप्याच्या दुकानापुढे ते भर उन्हात जाऊन उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून सांगू लागले, माझी चूक झाली, या, खेळून पाहा. दिवस कलेपर्यंत उभे होते. चूक लपवणारी माणसं मी पुढं पुष्कळ पाहिली, मोठ्या खुर्च्यांवरची पाहिली. चार गावांना हाका मारून आपली चूक सांगणारा माणूस एकच पाहिला, आणि तो माझा मामा होता. हे सांगताना आजही माझी छाती फुगते, आणि का फुगू नये?

तो डोळा काही परत आला नाही. डाव्यावर मामांनी पुढं बरीच वर्षं काढली. आता ते नाहीत. त्यांची आठवण निघाली की लोक बंडीवरचं ते बोलणं सांगतात. मी मात्र त्याच्या पुढच्या वर्षीचं सांगते.

त्या वर्षी मामा एकही खेळ खेळले नाहीत. मलाच प्रत्येक दुकानावर तीन-तीन डाव खेळायला लावले, आणि शेजारी उभं राहून मालकाचा नुसता आवाज ऐकत राहिले. दुपारी निंबाखाली सगळे बसले. कोणीतरी म्हणालं, "हं इन्स्पेक्टर, सांगा."

"औंदा भाची सांगन."

एक म्हातारे गृहस्थ पानाची पिंक टाकून म्हणाले, "पोरगी काय सांगन? गड्यायच्या सभेत?"

"डोये तिचे हायेत," मामा म्हणाले, "मी कायले बोलू?"

 मी बंडीआडून पुढं आले. म्हटलं, कड्या फेकायचा खेळ सगळ्यात खराब. किसन टेलर उसळलाच, कारण त्याला तिथं बक्षिसात आरसा लागला होता. "कारण?"

"ज्या ठोकळ्यावर घड्याळ ठेवलं, त्याच्यावर कडी बसतच नाई, ठोकळाच मोठा हाये. म्या हातानं घालून पाह्यली. साबणाच्या ठोकळ्यावर बसते, आरशाच्या बसते, घड्याळाच्या नाई बसत."

"अन् तुले आरसा लागला असता तर?"

"लागला. तुमच्यासारखाच," मी म्हटलं, आणि ओढणीखालून काढून दाखवला. "तरी नापास."

कोणी हसलं नाही. पिंक टाकणारे म्हातारे हळूच म्हणाले, बरोबर हाये पोरीचं. किसननं खिशातून आपला आरसा काढून पाहिला आणि परत ठेवून दिला.  मामा पोत्यावर थोडे सरकले, आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर त्यांनी हातानं थापटलं. त्या सगळ्या माणसांमध्ये मी जाऊन बसले.