फ्यूज मीच काढला होता

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि वेळही नव्हता. नोकरी, घर आणि आठवड्यातून दोनदा आईला गुरसरायहून झाशीला डायलिसिससाठी न्यायचं-आणायचं... माणूस इतका दमतो की घाबरायचंही त्राण उरत नाही. तरी लिहितोय, कारण घरात सांगता येत नाही.

आमच्या घराजवळचा रस्ता गिट्टीचा. तिथे ब्रेक दाबला की पायाखाली पेडल थरथरायचं आणि गाडी थोडी पुढे जाऊन थांबायची. शेजारचे टॅक्सीवाले तिवारीजी म्हणाले, “एबीएस का फ्यूज निकाल दो भैया, कच्चे में ये गाड़ी रुकने नहीं देता.” एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा; पेडल थरथरतं ते तिच्यामुळेच. गिट्टीपुरतं तिवारीजींचं म्हणणं खोटंही नव्हतं. पण पुढचे दोन तास आम्ही डांबरी रस्त्यावर असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काढला फ्यूज. मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा पेटून राहिला, तर त्यावर बायकोची टिकली चिकटवली. हसा, मीही हसलो होतो.

श्रावणातला मंगळवार, सकाळचे साडेआठ. भुरभुर पाऊस, आई मागच्या सीटवर. समोरची सळयांनी भरलेली ट्रॉली मध्येच थांबली. मी होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला. चाकं जाम झाली आणि गाडी घसरत निघाली. स्टीअरिंग फिरवतोय, पण गाडी ऐकेचना. सळया काचेसमोर आल्या. मी नुसता “आई!” म्हणून ओरडलो.

आणि पायाखाली पेडल थरथरलं. तेच, पूर्वीसारखं... टकटकटक. गाडीने वळण घेतलं, ट्रॉलीच्या बाजूने निघाली आणि कच्च्यात जाऊन थांबली.

“काय रे, डुलकी लागली का तुला?” आईने विचारलं.

“नाही गं.”

“मग चल ना बेटा. मशीनवर दुसऱ्या कुणाला घेतील.”

झाशीला तिला डायलिसिससाठी आत सोडून मी इलाइट चौराह्याजवळच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने फ्यूजबॉक्स उघडून दाखवला. एबीएसची जागा रिकामी. “बिना फ्यूज के चल ही नहीं सकता, भाईसाब. घबराहट में आपका पैर काँपा होगा.”

असेल. पण माझा पाय पेडलवर असा रुतला होता की उतरल्यावर पोटरीत गोळा आला होता. त्याच्याकडून फ्यूज बसवून घेतला, टिकली खरवडून काढली. पिवळा दिवा विझला.

या गोष्टीचा उलगडा मला अजून झालेला नाही, आणि शोधायचा उत्साहही नाही. आईला फ्यूजचं काहीच माहीत नाही. डायलिसिसला शेजारच्या पलंगावर जो कोणी असेल त्याला ती कौतुकाने सांगते, “हमारे बेटे ने बचा लिया उस दिन.” त्या दिवशी तिला कुणी वाचवलं, मला खरंच माहीत नाही. मारायला मात्र मीच निघालो होतो.