शेऱ्यातला फरार

“भाऊसाहेब, माझ्या बाबानं नेमकं काय केलं होतं?”

तिनं शाळेचा दाखला माझ्यापुढं धरला. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द. फरार. अक्षर माझंच.

मुरबाडकडच्या एका आश्रमशाळेत मी क्लार्क होतो. आता रिटायर. ही वनिता, खर्डीजवळची. आईबाप दोघंही गेलेले. पोलीस भरतीत पोरगी पास झाली होती. चारित्र्य पडताळणी बाकी होती, म्हणजे नावावर गुन्हा आहे का याची चौकशी. चौकशी उमेदवाराचीच होते, पण हिला धास्ती बापाची. कागद शोधताना त्याच्या ट्रंकेच्या तळाशी हा दाखला सापडला, आणि त्यावरच्या क्लार्कच्या सहीवरून विचारत ती माझ्या दारात आली.

“बाबा मुरबाडचं नाव काढू द्यायचा नाय. खाकी दिसली की घरात. एसटीचा कंडक्टर असला तरी! आई मरताना बोलली, त्याच्या मागं पोलीस हायत. खून केला का त्यानं?”

“अगं वेडे, चौथीतल्या पोराला कोण पोलीस शोधतंय?”

तिला पटेना. मग स्कूटरवर बसवून शाळेत नेलं. हेडमास्तर नवे.

“जुनं रजिस्टर? अर्ज करा, आठ दिवसांनी या.”

“साहेब, ते कपाट मीच लावलंय. डावीकडं, खालचा खण.”

होतं तिथंच. जनरल रजिस्टरात प्रत्येक पोराची एक ओळ असते. नाव, वाडी, कधी आला, कधी गेला, शेवटी शेरा. मी बोट फिरवत गेलो. फरार. फरार. त्यातला एक फरार आज गावचा सरपंच आहे. हॉस्टेलची पोरं आईची आठवण आली की रानवाटेनं घर गाठायची. सकाळच्या हजेरीला अधीक्षक ओरडायचे, “आज दोन फरार!” आम्ही हसायचो आणि मी तेच लिहायचो. मोठेपणी काशिनाथ, म्हणजे हिचा बाप, दाखला न्यायला आला. तोच शब्द उतरवून मी त्याच्या हातात दिला. तो वाचेल, वाचून घाबरेल, हे माझ्या टाळक्यातच आलं नाही.

हे सगळं ऐकून वनिता आधी रडली, मग हसतच सुटली. “म्हणजे बाबा नुसता घरी पळाला होता?”

“नुसता घरी.”

ओळीत वाडीचं नाव होतं, सिद्धगडाच्या पायथ्याची. तसेच पुढं गेलो. काशिनाथची बहीण भेटली, हौसाआत्या. तिनं भाचीचं तोंड कुरवाळलं.

“मी तापानं फणफणले होते गो. त्याला कळला, तसा पळत आला. मंग साळंत गेलाच नाय. मोठेपनी दाखला आनाया गेला, तो परत घरी आलाच नाय.”

माझी मान वर होईना.

पडताळणी सुरळीत पार पडली. परवा वनिताचा फोन आला. “भाऊसाहेब, वर्दीत वाडीवर गेले. आत्या बाबासारखी आत नाय पळाली. दारात उभी राहून सगळ्यांना हाका मारीत होती.”

शाळेतल्या नव्या क्लार्कनं मध्यंतरी विचारलं, पोरगं पळालं तर शेरा काय लिहायचा?

म्हटलं, “घरी गेला, एवढंच लिही.”