देपालपूरच्या मुलीचं भाषण

इंदूरच्या आमच्या शाळेत अर्धे विषय हिंदीत शिकवत, अर्धे मराठीत. मराठी भाषणाचं पहिलं बक्षीस दरवर्षी मलाच मिळायचं. त्यात माझं कर्तृत्व एवढंच, की आई भाषण लिहून द्यायची आणि मी ते घोकायचे.

नववीत मात्र देपालपूरहून येणाऱ्या एका मुलीने नाव दिलं. तिच्या घरी मालवी बोलायचे. मराठी ती शाळेतच, आमच्या बाईंकडून शिकलेली. वडिलांच्या धान्याच्या दुकानाविषयी तिने स्वतः लिहिलेलं भाषण केलं, चारदा अडखळली, आणि बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. माझ्या भाषणांना त्या नुसत्या मान डोलवायच्या.

बक्षीस घेऊन ती थेट माझ्याकडे आली. "मला तुझ्यासारखं बोलायचं होतं," म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी येऊन मी दप्तर फेकलं. "मम्मी, वो तो मराठी है ही नहीं! उसको कैसे दे दिया? सरासर चीटिंग है!" आणि भोकाड पसरलं.

आई कणीक मळत होती. वर न बघताच म्हणाली, "निदान रड तरी मराठीत."