रिकाम्या बंगल्यांचा गारवा

उन्हाळा लागला की जनाबिया गावाच्या बाजूचं आमचं बंगल्यांचं कंपाउंड रिकामं व्हायचं. कंपनीच्या साहेब लोकांची बायकामुलं जूनमध्ये आपापल्या देशी जायची, मागोमाग साहेबही रजा टाकायचे आणि सगळ्या बंगल्यांच्या किल्ल्या माझ्या कमरेला यायच्या. मी एसी मेकॅनिक. सातारा जिल्ह्यातून आयटीआय करून सत्तरचं दशक संपता संपता बहारीनला आलो होतो. दर शनिवारी प्रत्येक रिकाम्या बंगल्यात जाऊन एसी नीट चालू आहेत ना, ते बघायचं हे माझं काम. दमट हवेनं गालिच्यांना बुरशी धरते, पियानोचं लाकूड फुगतं, म्हणून एसी बंद करायचा नाही असा हुकूम होता.

आम्हा कामगारांच्या कॅम्पात एका खोलीत आठ जण. एका वर्षी जुलैत आमच्या खोलीतल्या एसीचा कॉम्प्रेसर गेला. मी स्टोअरमध्ये गेलो. तिथे दोन नवे विंडो एसी खोक्यात होते. फोरमन म्हणाला, "वो विला का है. तुम्हारा पार्ट शिप से आएगा, इंशाल्ला." रोज विचारायचो, रोज तेच उत्तर. दुपारी बारा ते चार कामाला सुट्टी असायची, पण खोलीत पत्रा असा तापायचा की पडून राहणं म्हणजेच शिक्षा. मी उठून बाहेर जायचो, पुन्हा आत यायचो. कुठेच जीव लागत नव्हता. गार बंगल्यातून या खोलीत आलं की डोकं भणभणायचं.

खोलीत मालवणकडचे एक सुतारकाका होते. पन्नाशीचे, बारीक, बोलायला हळू. गावाकडे कुळांच्या लढ्यात तरुणपणी फिरलेले. एकदा बंगल्यातला दरवाजा घासायला ते माझ्याबरोबर आले. दिवाणखान्यात उभे राहून त्यांनी विचारलं, "ह्यो गारवो कोणाक?"

"कोणी नाही इथे. सामानासाठी."

"म्हंजे सोफ्याक," ते म्हणाले आणि रंधा काढून कामाला लागले.

तिथून आमचा वाद सुरू झाला, तो सगळा उन्हाळा चालला. काका उघड समाजवादी. मी म्हणायचो, सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही. आमच्या गावात नदीवर सोसायटीचं इंजिन होतं. सगळ्यांच्या मालकीचं, म्हणून त्याला तेल कोणी घातलं नाही, दोन वर्षांत जाम झालं. मालक असला की वस्तू नीट राहते.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मगे आमच्या एसीक मालक आसा मां? तो कित्याक बंद पडलो?"

मी हातातला पाना पुसायला घेतला.

"कारण मालकाक त्या एसीखाली झोपूचा नाय. जेका झोपूचा आसा, तेच्या हातात तो होयो. इतक्याच माझा म्हणणा."

हे मला पटलं आणि पटल्याचाच राग आला. पटलेल्या गोष्टीचं करायचं काय, ते कळेना.

ऑगस्टच्या एका दुपारी आमच्या खोलीतला वेल्डर पाणी प्यायला उठला आणि जागेवर कोसळला. अंग भट्टीसारखं तापलेलं. पिकअपमध्ये घालून आम्ही त्याला सलमानियाच्या सरकारी, फुकट दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं, संध्याकाळी तो बोलायला लागला. बाहेर बाकावर काका म्हणाले, "बघ. हंय तुझ्याकडे काय आसा तां कोणी इचारल्यानी? काय दुखता तां इचारल्यानी."

"काका, हा तेलाचा पैसा आहे. वरून दिलेलं आहे."

"म्हणानच. देतलो तो उद्या बंद पण करतलो. देणा नको, हक्क होयो." मग म्हणाले, कॅम्पचा साहेब रजेवर गेलेला नाही, उद्या खोलीतले सगळे त्याच्याकडे जाऊ. दिवसाढवळ्या, तोंडावर सांगू.

मला ते नको होतं. साहेबाकडे घोळक्यानं जाणं म्हणजे परतीचं तिकीट. पण स्वस्थही बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी साहेबाकडे जायच्या आतच, मी एका बंगल्याच्या मागच्या खोलीतला विंडो एसी काढला, पिकअपमध्ये टाकला आणि आमच्या भिंतीत बसवला. स्टोअरनं दिला म्हणून सांगितलं. त्या दुपारी बाकीचे सगळे घोरत पडले. झोप नव्हती ती फक्त मला आणि काकांना. त्यांनी एसीच्या चौकटीवरून हात फिरवला आणि मला बाहेर बोलावलं.

"खंयसून हाडलंस?"

मी सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील.

"तू मशीन हलयलंस," ते म्हणाले. "नियम थंयच रवलो. आणि आठ जणांचा नशीब एकट्यान ठरवलंस. तुझ्यात आणि साहेबात फरक काय?"

मी चिडलो. म्हणालो, निदान माणसं झोपली तरी. काका म्हणाले, रात्री कामावरून आल्यावर सगळ्यांना खरं सांग, मग सगळे ठरवतील तसं. मी सांगितलं. कोणी मला शिव्या दिल्या, कोणी हसलं. तासभर खल झाला. शेवटी ठरलं की एसी काढायचा नाही आणि उद्या स्वतःहून साहेबाला सांगायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी अशी बैठक पाहिली, जिथे स्वयंपाकाचं बघणाऱ्याचं मत फिटरच्या मताइतकंच धरलं गेलं.

सकाळी आठातले पाच जण आले. काका मोडक्या हिंदीत बोलले. बंगला रिकामा आहे, खोली भरलेली आहे, माणूस दवाखान्यात गेला, म्हणून एसी आमच्याकडे आहे. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं ऐकलं, वेल्डरची चौकशीही केली. मग विचारलं, "लाया कौन?"

काका म्हणाले, "हम लोग."

"हम लोग कौन?"

"हम लोग."

मी त्यांच्या मागे उभा होतो. किल्ल्यांचा जुडगा हातात घट्ट धरून. मी तोंड उघडलं नाही.

एसी त्याच दिवशी परत गेला. आठवड्यात आमच्या खोलीत नवा कॉम्प्रेसर आला. शिपनं येणारा पार्ट इतक्या लवकर कसा आला, ते कोणी विचारलं नाही. पुढच्या मार्चमध्ये काकांचा व्हिसा रिन्यू झाला नाही. कारणही कोणी सांगितलं नाही. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. त्यांची हत्यारांची पेटी काउंटरपर्यंत उचलून दिली.

पुढे मी सुपरवायझर झालो. लग्न झालं, फॅमिली व्हिसा मिळाला, मनामा शहरात फ्लॅट भाड्यानं घेतला. काही वर्षांनी रजेवर असताना मुद्दाम मालवणला गेलो. काका अंगणात खिडकीची चौकट करत होते. मी म्हटलं, "काका, तेव्हा मी बोलायला हवं होतं."

"होया," ते म्हणाले. आढेवेढे घेतले नाहीत, समजूतही काढली नाही. मग विचारलं, "आता खोलयेत किती जण आसत?"

मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत मी कॅम्पच्या खोल्यांत पाऊल टाकलं नव्हतं. फोनवरून काम चालायचं.

परत आल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी कॅम्पात गेलो. आमच्या जुन्या खोलीत आता दहा खाटा होत्या, वरखाली. माणसं जेवत होती. मला पाहताच हातातले घास ठेवून सगळी उभी राहिली.

"बसा, जेवा," मी म्हणालो.

मी आहे तोवर कोणी बसेना.