पडलेला माणूस जागेवरच राहतो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, आणि माझ्या चॅनलवर जे मला आवडीने ऐकतात त्यांना तर नाहीच. तुला सांगतो. फक्त मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी पुन्हा विषय बदलेन — त्यात मी पटाईत आहे.

सुरुवात एका गेमपासून करावी लागेल. हसू नकोस. ‘पिट किंग’चं नाव ऐकलं असशील. बंदरातला एक खड्डा, त्यात माणसं एकमेकांना मरेस्तोवर मारतात, एवढीच गोष्ट. पहिल्या भागाने जगाला वेड लावलं, आमच्या लालबागच्या चाळीलाही. दुसरा भाग आला आणि सगळ्यांनी नाकं मुरडली. हळू आहे, रडका आहे, बटण दाबलं तरी हात उशिरा उठतो. नाकं मुरडणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो. गेमवर मराठीत बोलणं हे आता माझं पोट आहे, आणि संधी मिळेल तेव्हा मी सांगत आलोय की दुसऱ्या भागात बनवणाऱ्यांनी नुसत्या पाट्या टाकल्या.

खोटं आहे ते. दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे — कितीतरी सरस. आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

पहिल्या भागात कवटी फोडली की प्रेत विरघळतं. जबडा निखळतो, दात पडद्यावर उडतात, गुण मिळतात, चला, पुढचा. मजा येते, नाही कशाला म्हणू? दुसऱ्या भागात पडलेला माणूस जागेवरच राहतो. कण्हत. पुढची लढत त्याला ओलांडून खेळायची. ज्याचा गुडघा तू फोडलास तो नंतर लंगडत तुझ्यासमोर उभा राहतो. तुझी स्वतःची बोटं सुजतात, मूठ नीट वळत नाही, म्हणून हात उशिरा उठतो. लोकांना ती चूक वाटली. चूक कसली? मारणाऱ्या हाताचं तसंच होतं. शेवटी समोरचा आडवा झाला की दोन बटणं येतात — तुडव, किंवा हात दे. पहिल्या भागात दुसरं बटणच नव्हतं.

आता नीलेश.

नीलेश माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. एका वयाचे, एका कॉलेजचे, आणि गल्लीच्या गोविंदा पथकात दोघंही. पहिल्या भागात त्याने मला कधी हरवलं नाही. मी खेळायचो कसा? दात-ओठ खाऊन, बटणं बडवत. तो दिवस रविवारचा होता. सकाळी दहीहंडीचा सराव झाला. नीलेश दुसऱ्या थरावरून पडला, अंग झटकून उठला, हसला. त्याला काहीही झालेलं नव्हतं — हे लक्षात ठेव. दुपारी त्याच्या खोलीत आम्ही दुसरा भाग लावला. त्याची आई परळच्या एका इस्पितळात आया होती, ती ड्युटीवर. खोलीत आम्ही दोघंच.

त्याने मला हरवलं. पुन्हा हरवलं. तो थांबायचा, मला दमू द्यायचा, माझी मूठ सुजली की एकच ठोसा हाणायचा. माझा गडी रक्ताच्या थारोळ्यात, आणि नीलेश प्रत्येक वेळी ते दुसरं बटण दाबायचा. हात दे. वर मला म्हणायचा, “ऊठ रे राजा.” त्याने तुडवलं असतं तर चाललं असतं का मला? बहुतेक चाललं असतं. ती दया मात्र डोक्यात गेली.

चहा टाकतो म्हणून तो उठायला लागला, उजवा हात जमिनीवर टेकून. भिंतीशी पाटा होता, पाट्यावर वरवंटा. मी तो उचलला आणि त्याच्या हातावर घातला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. तो ओरडलाही नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. आणि मी पुन्हा घातला. पहिला घाव रागाचा होता म्हणशील. दुसरा? दुसऱ्या वेळी मी नेम धरला होता. त्याची दोन बोटं भलतीकडेच वळली होती, हात बघता बघता काळानिळा सुजत होता, आणि मला बरं वाटत होतं. हो, बरं वाटत होतं.

मग भीती वाटली. त्याची आई आली तेव्हा तोंड मी आधी उघडलं. म्हणालो, सकाळी पडला ना, तेव्हा ह्याच्या हातावर दुसरा कुणीतरी पडला, तेव्हा कळलं नाही, आता दुपारी बघतो तर हात हा असा. खालच्या थरातल्या बबनदादाचा खांदा हलला, म्हणून सगळं झालं. नीलेशने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “हो.” का म्हणाला ते मी त्याला कधी विचारलं नाही. डॉक्टरांनी काय ओळखलं कोण जाणे. त्याची ती दोन बोटं आजही वळत नाहीत.

बबनदादा माझगावच्या गोदीत वेल्डर. आमच्या पथकाचा पाया, सगळ्यात खालच्या थरात मधोमध उभा राहणारा माणूस. नीलेश पडला होता हे सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे माझ्या बोलण्यावर कुणी शंका घेतली नाही. खुद्द बबनदादानेही नाही. तो नीलेशच्या आईसमोर हात जोडून उभा राहिला, “काकी, माझो खांदो हललो. चूक माझीच.” आमच्याकडे खालच्या थरातल्या माणसाबद्दल एवढं पुरतं. त्याच्या खांद्यावर पाय ठेवायला कुणी तयार होईना. हंडीच्या दिवशी तो दोरी धरून गर्दी मागे सारायला लागला. पोरं त्याला पाठीमागे ‘ढिला खांदा’ म्हणायची. मीही म्हणालोय.

आणि दुसऱ्या भागाला शिव्या देणं सुरू झालं ते तेव्हापासून. त्या गेमबद्दल खरं बोलायला गेलो असतो तर कुठे येऊन थांबलो असतो, ते तुला दिसतंच आहे.

गेल्या वर्षी मी सरावाचं शूटिंग करायला गेलो होतो. बबनदादाचे केस पिकलेत. थरात तो नसतोच, नव्या पोरांना शिकवतो. त्याने शर्ट खाली ओढून आपला उजवा खांदा त्यांना दाखवला. “इथे बघा. वरचा कितीपण डुगडुगू दे, हा हलता कामा नये. माझा हललेला. एका पोराचा हात गेला कायमचा.” पोरांना ते खरं वाटेना. एवढा दांडगा माणूस, त्याचा खांदा कसा हलेल? तेव्हा दादाने माझ्याकडे बोट केलं. “ह्याला विचारा. हा होता तिथे.”

सगळी पोरं माझ्याकडे वळली. मी म्हणालो, “हो. दादाचा खांदा हलला होता.”